तुमची मराठी फाइल खरंच मराठी आहे का?

माझे मामा कऱ्हाडचे. शाळामास्तर होते, निवृत्तीनंतर आठवणी लिहायला बसले. हाताने लिहायचे, मग गावातल्या डीटीपीच्या दुकानात टाइप करून घ्यायचे. असं सहा-सात वर्षं चाललं आणि दोनशेबारा पानं झाली. दुकान बंद झालं तेव्हा मालकाने इमानदारीने सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर टाकून दिल्या. तो पेनड्राइव्ह गेल्या दिवाळीत माझ्या हातात आला. "बघ रे, पुस्तक काढता येईल का."

लॅपटॉपला लावला, पहिली फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा. मध्येच पौंडाचं चिन्ह, मध्येच टोपी घातलेला ए. मामा शेजारीच बसले होते. त्यांना वाटलं, व्हायरस लागला.

व्हायरस नव्हता, फाइल शाबूत होती. गंमत अशी, की सहा-सात वर्षं दुकानात जे टाइप झालं ते यंत्राच्या लेखी मराठी नव्हतंच. असा चिवडा तुम्हीही कधीतरी पाहिला असेल. पीडीएफमधला मराठी परिच्छेद कॉपी करून पेस्ट केला आणि भलतंच उमटलं, सोसायटीच्या जुन्या इतिवृत्तात नाव शोधलं आणि समोर दिसत असूनही यंत्र "सापडलं नाही" म्हणालं. या सगळ्या तक्रारींचं मूळ एकच आहे आणि ते समजून घ्यायला कॉम्प्युटरची पदवी लागत नाही.

यंत्राला अक्षर दिसत नाही, आकडा दिसतो

कॉम्प्युटरमध्ये अक्षर साठवता येत नाही, साठतो तो आकडा. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, याचा एक तक्ता सगळ्यांनी मान्य केलेला असतो. १९६३ साली अमेरिकेत असा एक तक्ता ठरला, त्याचं नाव अ‍ॅस्की. त्यात जागा १२८. मोठा इंग्रजी ए म्हणजे ६५, छोटा ए म्हणजे ९७. पुढे ही जागा २५६ पर्यंत ताणली गेली, पण त्यात युरोपातल्या टोप्या-टिंबांची अक्षरं बसली. देवनागरीला जागा नव्हती.

आता फॉन्ट म्हणजे काय? फॉन्ट म्हणजे चित्रांचा संच. आकडा ६५ आला की कुठलं चित्र काढायचं, एवढंच फॉन्ट सांगतो. म्हणजे साठवलेला आकडा वेगळा आणि दिसणारं चित्र वेगळं. पुढचा सगळा घोळ या दोन गोष्टींमधल्या फटीतून झाला आहे.

बहुरूपी फॉन्ट

ऐंशी-नव्वदच्या दशकात भारतात कॉम्प्युटर आले आणि मराठी छपाईची गरज लगेच उभी राहिली. लग्नपत्रिका थांबत नाहीत, वर्तमानपत्र रोज निघतं. तेव्हा लोकांनी एक युक्ती काढली: तक्ता इंग्रजीचाच ठेवायचा, फक्त चित्रं बदलायची. छोट्या 'ई'च्या जागी 'म'चं चित्र, 'जे'च्या जागी 'र'चं. यंत्राला वाटतं आपण इंग्रजी लिहितोय, माणसाला दिसतं मराठी.

कृतिदेव या फॉन्टचं उदाहरण घ्या. त्यात 'मराठी' हा शब्द म्हणजे ई, जे, के, मोठा बी आणि एच, अशी पाच इंग्रजी अक्षरं. 'ई' म्हणजे म, 'जे' म्हणजे र, 'के' म्हणजे काना, 'बी' म्हणजे ठ आणि 'एच' म्हणजे दीर्घ वेलांटी. यंत्राच्या पोटात हाच निरर्थक शब्द असतो.

गावात बहुरूपी यायचे ते आठवतात? पोलिसाचा वेष करून दारात उभा राहिला की लहान पोरं घाबरायची. जुना मराठी फॉन्ट हा असाच बहुरूपी. अंगावर वेष मराठीचा, आत माणूस इंग्रजी. तुमच्या यंत्रात तो फॉन्ट नसला की वेष उतरतो आणि आतला माणूस समोर येतो. मामांच्या फाइलीत मला तोच दिसला.

बरं, सगळ्या बहुरूप्यांचा वेष सारखा असता तरी निभावलं असतं. प्रत्येक कंपनीने आपापला तक्ता केला. एकाचा 'म' दुसऱ्याच्या तक्त्यात भलतंच अक्षर होई. कधीकधी एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांतही मेळ नसे. त्यामुळे फाइल दुसऱ्या दुकानात नेली की सगळं पुन्हा टाइप करा.

या लोकांना मी नावं ठेवणार नाही. दोनशेच्या आसपास जागांमध्ये अख्खी देवनागरी, अर्धी अक्षरं, रफार, रकार, जोडाक्षरं कोंबायची म्हणजे एसटीत गणपतीच्या दिवसांत कोकणची माणसं बसवण्यासारखं. त्यांनी ते बसवलं. पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने आणि मॉड्युलर इन्फोटेकच्या 'श्रीलिपी'ने त्या काळात जे काम केलं, त्याशिवाय मराठी छपाई कॉम्प्युटरवर आलीच नसती. फक्त ती सोय कागदावर छापण्यापुरती होती. शोधणं, क्रम लावणं, मोबाइलवर वाचणं, यंत्राकडून मोठ्याने वाचून घेणं, यातलं काही तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हतं.

युनिकोड: प्रत्येक अक्षराला स्वतःचा प्लॉट

१९९१ मध्ये युनिकोड नावाच्या तक्त्याची पहिली आवृत्ती आली. कल्पना साधी होती: जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा, दुसऱ्या कुणालाही न दिलेला आकडा द्यायचा. देवनागरीला सलग १२८ प्लॉटांचा एक लेआउट मिळाला. त्याची आखणी भारताच्याच 'इस्की' या १९८८ च्या मानकावरून घेतलेली आहे. क चा प्लॉट नंबर २३२५, म चा २३५०, र चा २३५२. हे नंबर चंद्रपुरात, पणजीत आणि न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाच्या लॅपटॉपवर तेच राहतात. फॉन्ट कुठलाही लावा, म तो म-च. फार तर दिसायला जाडा होईल किंवा बारीक.

म्हणजे युनिकोड हा फॉन्ट नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण डीटीपीच्या दुकानात अजूनही "युनिकोड फॉन्टात पाहिजे का साध्या फॉन्टात?" असं विचारतात, जणू चहात साखर हवी की गूळ. युनिकोड हा आकड्यांचा करार आहे. तो पाळणारे हजारो फॉन्ट आहेत. विंडोजबरोबर येणारा 'मंगल' त्यातला सर्वांत ओळखीचा. तो घडवला र. कृ. जोशींनी. मराठीत ज्यांची कविता वाचली जाते तेच हे सुलेखनकार.

तीन अक्षरांची नऊ अक्षरं कशी होतात

एक प्रयोग करून बघा. एक्सेलमध्ये एका चौकटीत 'श्रीकृष्ण' लिहा आणि शेजारच्या चौकटीत लेन हे सूत्र लावून त्याची लांबी विचारा. आपण मोजतो तीन: श्री, कृ, ष्ण. एक्सेल सांगेल नऊ.

त्याचं चुकत नाही. युनिकोडमध्ये जोडाक्षराला वेगळा प्लॉट नाही. 'श्री' म्हणजे श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी, असे चार आकडे. 'कृ'चे दोन, 'ष्ण'चे तीन. एकूण नऊ. आकडे असे ओळीने साठतात आणि पडद्यावर दाखवताना फॉन्ट त्यांची गुंफण करतो. आता शब्दाच्या शेवटी जाऊन एकदाच बॅकस्पेस दाबा. अख्खा 'ष्ण' जात नाही, फक्त 'ण' जातो आणि पाय मोडका 'ष्' मागे राहतो. हे पाहून "कीबोर्ड बिघडला" म्हणणारे खूप भेटलेत. बिघडलेलं काही नसतं, तुम्ही नऊतला एक आकडा पुसलेला असतो.

ऱ्हस्व वेलांटीची आणखी मजा. 'कि' लिहिताना हात आधी वेलांटी काढतो, मग क. युनिकोडमध्ये मात्र आधी क साठतो, मग वेलांटी, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. जुन्या फॉन्टांत उलटं असे: डोळ्याला दिसतं त्या क्रमाने, वेलांटी आधी. जुन्या फाइली बदलून घेताना वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, त्याचं कारण हे.

एसएमएसचंही असंच. एका एसएमएसला १,१२० बिट जागा असते, बिट म्हणजे शून्य किंवा एक मावेल एवढी. इंग्रजी अक्षराला तिथे ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं मावतात. देवनागरीच्या प्रत्येक आकड्याला १६ बिट, म्हणून ७०. त्यात एकट्या श्रीकृष्णाने नऊ खाल्ले! मराठी संदेश कंपन्यांना महाग का पडतो आणि वीजबिलाचा साधा निरोपही दोन तुकड्यांत का येतो, ते यावरून कळेल.

मग पीडीएफमधलं मराठी कॉपी का होत नाही?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, विशेषतः पोरं परीक्षेच्या नोट्स काढत असताना. पीडीएफ हा छापील कागदाचा भाऊ. त्याला एवढंच ठाऊक असतं की अमुक चित्र पानावर अमुक जागी उमटवायचं. त्या चित्राचा अर्थ काय, म्हणजे ते कुठल्या आकड्याचं, याची यादी फाइलीत वेगळी जोडावी लागते. इंग्रजीत एक चित्र म्हणजे एक अक्षर, त्यामुळे यादी सरळ बनते. देवनागरीत 'ष्ण'चं एकच चित्र तीन आकड्यांचं, वेलांटीचं चित्र आधी पण आकडा नंतर. पीडीएफ बनवणारं सॉफ्टवेअर आळशी असलं की ही यादी अर्धवट बनते. आणि फाइल बहुरूपी फॉन्टात असली तर यादी इंग्रजीचीच असते. तुम्ही कॉपी करता ते यादीतलं. चित्र डोळ्यांसमोर कितीही सुबक असो, पेस्ट झाल्यावर चिवडाच येणार.

अशा पीडीएफशी झटापट करण्यात अर्थ नाही. तिला सरळ फोटो समजा आणि ओसीआर करा, म्हणजे यंत्राला चित्र वाचायला लावून अक्षरं परत मिळवा. पानांची चित्रं गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडली की हे फुकट होतं. स्वच्छ छपाई असली तर निकाल बरा येतो. अनुस्वार आणि रफार मात्र डोळ्यात तेल घालून तपासा.

"पण युनिकोडमध्येही शोध लागत नाही"

हा आक्षेप खरा आहे आणि युनिकोडचे भक्त तो टाळतात. मी टाळत नाही, कारण मामांच्या फाइलीने मला तिथेच चकवलं.

फाइल युनिकोडमध्ये आणल्यावर मी 'कऱ्हाड' शोधलं. निम्म्याच जागा सापडल्या. उरलेले कऱ्हाड डोळ्यांना दिसत होते, यंत्राला नाही. घोळ होता त्या अर्ध्या र-चा, 'ऱ्ह'मधल्या आडव्या मिशीचा. मराठीला ही मिशी लागतेच. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या; आचार्यांना दक्षिणा देतात आणि आचाऱ्यांना मजुरी. ही मिशी युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येते. एक, खाली टिंब असलेला ऱ वापरून. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही तंतोतंत सारखे, आत आकडे वेगळे. फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने एक पद्धत वापरली होती, माझ्या हाताने केलेल्या दुरुस्त्यांत दुसरी होती.

'ॲ'ची कथा तर प्लॉटच्या भानगडीसारखीच आहे. लेआउट पडला तेव्हा मराठी 'ॲ'ला स्वतःचा प्लॉट नव्हता. तो २००८ मध्ये मिळाला. तोवर लोक थांबणार थोडेच! कुणी 'अ'वर वेगळा चंद्र ठेवला, कुणी हिंदीवाल्यांचा 'ऍ' उसना आणला. आज 'ॲप' हा शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. वर अ‍ॅस्की लिहिताना मीही जुन्या सवयीने वेगळा चंद्रच ठेवला आहे. त्या चंद्राआधी एक अदृश्य चिन्हही आहे. या लेखात 'ॲस्की' शोधून पाहा, या वाक्याबाहेर तो कुठेही सापडणार नाही.

क्रमवारीही आपोआप नीट लागत नाही. नुसत्या आकड्यांवर गेलं तर ळ लगेच ल च्या मागे येतो, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर. क्ष आणि ज्ञ शेवटी यायला हवेत, पण ते आकड्यांनी क आणि ज मध्ये जाऊन बसतात. चांगली सॉफ्टवेअर त्यासाठी मराठीचे वेगळे नियम वापरतात, मात्र फाइलीची भाषा 'मराठी' अशी नोंदवलेली असेल तरच. बहुतेकांनी ती हिंदी किंवा इंग्रजीच ठेवलेली असते.

"युनिकोडचे फॉन्ट दिसायला रुक्ष असतात"

दहा-पंधरा वर्षांपूर्वी हा आक्षेप मान्य केला असता. तेव्हा मंगल आणि फारतर आणखी दोन-चार, त्यांत लग्नपत्रिका कोण छापणार? आता तसं राहिलेलं नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या मंडळींनी केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट फुकट मिळतात आणि अर्ध्या शहरातल्या पाट्यांवर दिसतात. 'तिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट तर नावासकट मराठीसाठी आहे.

नावात 'मराठी' का, तर ल आणि श साठी. आपला ल आणि हिंदीचा ल वेगळा दिसतो, आपला श-ही. युनिकोडमध्ये दोघांचा प्लॉट एकच, चित्र कुठलं काढायचं ते फॉन्टवर अवलंबून. पुष्कळ फॉन्ट हिंदी वळण देतात. काही फॉन्टांत दोन्ही वळणं भरलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी निवडली की ल आपोआप आपल्यासारखा होतो. "ही पाटी हिंदी वाटते" म्हणून ओरड होते, तेव्हा पुष्कळदा फक्त हा एक पर्याय निवडायचा राहिलेला असतो.

दुकानदारांची खरी अडचण फॉन्टची नव्हतीच, ती होती सॉफ्टवेअरची. पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरची शेवटची आवृत्ती २००१ ची. तिला देवनागरीची गुंफण येत नाही, आणि छापखाने तिच्यावर वर्षानुवर्षं चालले. त्याच्या जागी आलेल्या आजच्या इनडिझाइनमध्येही परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड रेडी कंपोझर' निवडला नाही तर जोडाक्षरं फुटतात. पहिल्यांदा करून पाहणारा तिथेच "युनिकोड बेकार" म्हणतो आणि जुन्याकडे परततो.

"मी रोमनमध्ये लिहितो, नाहीतर बोलून टाइप करतो"

बोलून टाइप करणं उत्तम, त्यातून थेट युनिकोडच निघतं. रोमनमध्ये व्हॉट्सॲपवर गप्पा मारायलाही माझी हरकत नाही. पण के, ए, एल या तीन अक्षरांतून कल, कळ, काल आणि काळ हे चारही निघतात. "काल आला" आणि "काळ आला" यात फरक आहे!

टाइप करायचंच असेल तर माझं मत इनस्क्रिप्टच्या बाजूचं आहे, जरी लोक त्याला सरकारी परीक्षेचा कीबोर्ड म्हणून टाळतात. विंडोजमध्ये भाषांच्या यादीत मराठी जोडली की तो येतोच, वेगळं काही उतरवावं लागत नाही. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. के दाबला की क, शिफ्टसह ख. मधला डी म्हणजे हलन्त. ती मिशी हवी तर शिफ्टसह जे, मग डी, मग पुढचं अक्षर. पहिला आठवडा वैताग येतो, तिसऱ्या आठवड्यात बोटं मेंदूला विचारेनाशी होतात. ज्यांना तेवढा दम नाही त्यांच्यासाठी विंडोजमध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आहे. इंग्रजी स्पेलिंग करा, मराठी उमटतं.

जुन्या फाइलींचं काय करायचं

आधी ओळखायचं. फाइल उघडा, कंट्रोल आणि एफ दाबा, समोर दिसणारा, मिशी किंवा 'ॲ' नसलेला एखादा साधा शब्द मराठी कीबोर्डवरून टाइप करा. सापडला तर फाइल मराठी आहे, नाही सापडला तर बहुरूपी. दुसरी खूण म्हणजे मजकूर निवडून फॉन्ट बदलून पाहा. वेष उतरला तर कळलंच.

बहुरूपी निघाली तर मूळ फॉन्ट कुठला ते नोंदवून ठेवा, आज, कारण उद्या सांगायला कुणी नसेल. फॉन्टच्या नावावरून तक्ता कळतो आणि तक्ता कळला की युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं फुकट मिळतात. बदलल्यावर चार गोष्टी हाताने तपासा: ऱ्हस्व वेलांट्या, रफार, ती मिशी आणि मध्येमध्ये आलेले खरेखुरे इंग्रजी शब्द. शेवटच्याची फजिती आधी लक्षात येत नाही. साधनाला वाटतं तेही बहुरूपीच, आणि मामांच्या आठवणीतलं 'एसएससी' हे इंग्रजीत लिहिलेलं नाव तीन मराठी अक्षरांचं काहीतरी होऊन बसतं. मूळ फाइल मात्र पुसू नका.

मामांच्या फाइलीला मला तीन रविवार लागले. शेवटच्या रविवारी त्यांना शेजारी बसवलं आणि म्हटलं, काहीही शोधा. ते म्हणाले, "भूकंप." १९६७ चा कोयनेचा. यंत्राने ठिकाणं ओळीने दाखवली आणि मामा गप्प झाले. ती पहाटेची हकिगत त्यांनी तीन प्रकरणांत तीनदा सांगितली होती, प्रत्येक वेळी थोडी वेगळी. एकदा आई त्यांना हाताला धरून बाहेर काढते, एकदा ते आईला. "दोन काढून टाक," म्हणाले. कुठल्या दोन, ते अजून ठरलेलं नाही.